शनिवारचा प्रज्ञावंत वर्ग: गणितासाठी जरूर पाठवा, बाकीचं पारखून घ्या

आधी निकाल सांगते, कारण पालकांना तोच हवा असतो. प्राथमिक वयाच्या तल्लख मुलांसाठी चालणाऱ्या ज्या शनिवारच्या वर्गाला माझी नात वर्षभर जाते आहे, त्याला मी पाचपैकी साडेतीन तारे देते. त्यातले अडीच एकट्या गणिताच्या तासाचे. एक भाषेच्या तासाचा. प्रवेशपरीक्षा, प्रकल्पाचा तास, व्यक्तिमत्त्व विकासाचा तास आणि मुलांच्या शाळेशी संपर्क, या चार गोष्टींत मिळून दीड तारा गेला. शाळेशी संपर्क नसणं मला सगळ्यांत जास्त खुपलं, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

मी स्वतः तिसरी-चौथीला शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. वर्गात सगळ्यांच्या आधी उदाहरणं सोडवून वही मिटणारं मूल मी दरवर्षी पाहिलेलं आहे. त्याचं पुढे काय होतं तेही पाहिलं आहे. एक तर ते शेजाऱ्याच्या खोड्या काढतं, नाहीतर खिडकीबाहेर बघत बसतं. पुष्कळ शाळांत त्याला त्याच प्रकारची आणखी दहा उदाहरणं दिली जातात. लवकर संपवलं की जास्त काम मिळतं, हे त्याला आठवड्याभरात कळतं आणि ते मुद्दाम सावकाश लिहायला लागतं. लेटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला होता. साधारण १४० बुद्ध्यांकाच्या मुलाचा नेहमीच्या प्राथमिक वर्गातला निम्मा वेळ फुकट जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. माझा अनुभव त्याहून वेगळा नाही.

पण वेळ वाया जाणं ही त्यातली लहान हानी. मोठी हानी अशी, की या मुलाला अडण्याची सवयच होत नाही. पाच-सहा वर्षं प्रत्येक प्रश्न बघताक्षणी सुटतो. मग तेराव्या-चौदाव्या वर्षी पहिल्यांदा असं काही समोर येतं, जे बघताक्षणी सुटत नाही. त्या दिवशी त्याला वाटतं, आपली हुशारी संपली. ते गणित सोडतं, कधी कधी सगळ्याच विषयांतून मन काढून घेतं. म्हणून हुशार मुलांसाठीचा कुठलाही उपक्रम मी एकाच मापाने मोजते: इथे मूल नीट अडतं का, आणि अडलेल्या मुलाजवळ कुणी थांबतं का?

या मापाने गणिताचा तास अव्वल आहे.

वर्गात चौदा मुलं, वयं सात ते दहा, एक सर आणि मदतीला एक तरुण ताई. सत्राच्या सुरुवातीला पालकांना मागच्या बाकावर बसून तास बघता येतो. ही सोय सगळ्यांनी ठेवायला हवी. मी बसले होते तेव्हा सरांनी प्रत्येकाला ठिपक्यांचा कागद दिला. समान अंतरावर मारलेले उभे-आडवे ठिपके, बाकी काही नाही. ठिपके जोडून कुठलाही बंद आकार काढायचा, रेषा एकमेकींना छेदू द्यायच्या नाहीत, आणि त्याचं क्षेत्रफळ शोधायचं. चौरस-आयत काढणाऱ्यांचं चुटकीसरशी झालं. तिरक्या बाजूंचा त्रिकोण काढणारे थांबले. थोड्या वेळाने एका मुलीला सुचलं की त्रिकोणाभोवती आयत आखावा आणि जास्तीचे कोपरे वजा करावेत. सरांनी तिला फळ्याजवळ बोलावलं आणि स्वतः खाली बसले.

मग खरा प्रश्न आला. आकाराच्या काठावरचे ठिपके मोजायचे, पोटातले ठिपके मोजायचे, आणि त्यांचं क्षेत्रफळाशी काय नातं आहे ते शोधायचं. सुरुवातीला पोटात एकही ठिपका नसलेले आकार घ्या, एवढाच इशारा. माझ्या नातीने वहीत तक्ता केला. काठावर चार ठिपके, क्षेत्रफळ एक. पाच ठिपके, दीड. सहा ठिपके, दोन. ‘निम्मे करायचे आणि एक काढायचा,’ असं ती मोठ्याने म्हणाली. सर म्हणाले, ‘हं. आता पोटात ठिपका असलेला आकार घे.’ तिचा नियम तिथल्या तिथे मोडला. नंतर बराच वेळ ती त्याच कागदावर खाडाखोड करत होती. मागच्या बाकावर बसून मला उत्तर सांगायची किती ऊर्मी येत होती, ते शिक्षकांनाच कळेल. सर दोनदा तिच्याजवळून गेले, तक्ता पाहिला, आणि काही न बोलता पुढे गेले. शेवटी तिने काठावरचे ठिपके तेवढेच ठेवून पोटातला एकेक ठिपका वाढवत नेला, आणि प्रत्येक ठिपक्यामागे क्षेत्रफळ एकाने वाढतं हे तिला दिसलं.

हा पिकचा सिद्धान्त. गेओर्ग पिक या गणितज्ञाने तो १८९९ मध्ये मांडला: पोटातले ठिपके, अधिक काठावरच्या ठिपक्यांचे निम्मे, वजा एक. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तो स्वतःच्या हाताने सापडू शकतो, कारण त्याला लागतं ते फक्त मोजणं, निम्मं करणं आणि चिकाटी. सूत्राचं नाव सरांनी तासाच्या अगदी शेवटी सांगितलं. आणि जाता जाता आठवड्याभरासाठी एक प्रश्न ठेवला: आकाराच्या मधोमध भोक असेल तर हेच सूत्र चालेल का? ते चालत नाही, उत्तर एकाने चुकतं. का चुकतं यावर आमच्या घरी पुढचे काही दिवस जेवायच्या टेबलावर कागद पडलेले होते.

त्याच तासात एका लहान मुलाला काहीच जमेना आणि त्याला रडू फुटलं. तो शाळेत पहिला येणारा मुलगा. अशा वेळी बरेच शिक्षक दोनपैकी एक गोष्ट करतात: उत्तर सांगून टाकतात, किंवा ‘अरे, सोपं तर आहे’ म्हणतात. दुसऱ्या वाक्याने मूल आणखी खचतं. सर त्याच्या बाकाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, ‘तुला इथपर्यंत जे खात्रीने माहीत आहे, तेवढंच मला दाखव.’ मुलाने नाक पुसत दोन आकार दाखवले. ‘हे बरोबर आहेत. आता यांच्यासारखा तिसरा काढ, थोडासाच वेगळा.’ सरांचं बोलणं एवढंच. मूल पुन्हा कामाला लागलं. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं आहे, तरी त्या दोन वाक्यांसाठी मी त्या सरांना मनापासून नमस्कार करते.

दुसऱ्या एका शनिवारी मुलांना संख्यांची साखळी दिली होती. कुठलीही संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. येईल त्या संख्येवर पुन्हा तेच. २६ घेतली तर १० पायऱ्यांत १ येतो. शेजारची २७ घेतली तर १११ पायऱ्या लागतात, आणि वाटेत ती ९२३२ पर्यंत चढते. नातीने २७ निवडली होती. घरी आल्यावर ती वहीची पानंच्या पानं भरत बसली. मध्ये एका ठिकाणी गुणाकार चुकला, तर मागे जाऊन चूक हुडकली. शाळेच्या गृहपाठात तिने असं कधी केलेलं नाही. शेवटी तिने विचारलं, ‘आजी, सगळ्या संख्या एकावर येतातच का?’ मी सांगितलं की हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. लोथार कोलाट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रश्न आजही उघडा आहे. ‘म्हणजे मोठ्या माणसांनाही येत नाही?’ तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्यासाठी तरी हा वर्ग असावा. अडणं ही काही आपली कमतरता नाही, मोठमोठी माणसं वर्षानुवर्षं अडलेली असतात, आणि तरी त्यांना त्यात रस असतो, हे तिला उपदेश न करता कळलं.

भाषेचा तास चांगला आहे, पण सरसकट नाही. ताई गोष्ट अर्ध्यावर थांबवतात आणि मुलांकडून उरलेली लिहून घेतात. एकाच प्रसंगाकडे दोन पात्रांच्या नजरेने बघायला लावतात. नातीच्या लिहिण्यात यामुळे फरक पडला, तिची वाक्यं मोकळी झाली. अडचण निवडीत आहे. ही मुलं बारा-तेरा वर्षांच्या मुलांची पुस्तकं सहज वाचतात, म्हणून ताईंनी युद्धात घर गमावलेल्या मुलाची एक लांबलचक कथा दिली. नातीने ती एका बैठकीत वाचली, सगळे शब्द तिला कळले, आणि मग कितीतरी रात्री ती आईजवळ झोपली. प्रज्ञावंत मुलांबरोबर काम करणाऱ्या काही जाणकारांनी १९९१ मध्ये याच विषम वाढीला प्रज्ञावंत असण्याच्या व्याख्येच्या केंद्रस्थानी ठेवलं होतं: बुद्धी एका वेगाने पुढे धावते, भावना वयाप्रमाणे चालतात. डोकं बाराचं आणि मन आठाचं असलेल्या मुलासाठी पुस्तक निवडताना दोन्ही वयं बघावी लागतात. ताईंशी मी बोलले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि पुढची निवड जास्त जपून झाली. त्यामुळे तारा पूर्ण दिला.

आता प्रवेशपरीक्षेकडे येते. चौकटीतल्या चित्रांची मालिका, एक जागा रिकामी, खालच्या पर्यायांतून योग्य चित्र निवडायचं, अशा धर्तीची ती होती. शब्दांवर अवलंबून नसलेली परीक्षा घेणं हे चांगलंच, त्यात घरची भाषा आड येत नाही. पण ती परीक्षा द्यायला येतं कोण? ज्यांचे पालक अर्ज करतात ते. ज्या घरात अशा वर्गांची माहितीच पोचत नाही, तिथलं मूल परीक्षेच्या खोलीपर्यंत येतच नाही.

याचा पुरावा अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीमध्ये मिळाला. तिथे आधी पालक किंवा शिक्षक नाव सुचवतील त्याच मुलांची चाचणी होत असे. २००५ पासून त्यांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी घेतली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले: गरीब घरांतल्या, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची, तसंच मुलींची निवड स्पष्टपणे वाढली. ही मुलं आधीही तितकीच हुशार होती, त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आमच्या वर्गाच्या चालकांनी जवळपासच्या दोन-तीन शाळांत जाऊन एका इयत्तेतल्या सगळ्या मुलांना तीच चाचणी दिली, तर चौदा मुलांचा हा वर्ग वेगळाच दिसेल, याची मला खात्री आहे.

दुसरी गोष्ट आकड्याची. निकालाच्या पत्रात एक संख्या आणि ‘निवड झाली’ एवढंच होतं. मूल कशात पुढे आहे, कशात वयाप्रमाणे आहे, कुठे आधार लागेल, यातलं काही नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाची चाचणी त्या दिवसाची झोप, भूक, अनोळखी खोली, सगळ्यांवर अवलंबून असते. निवडीच्या रेषेच्या जरा खाली राहिलेल्या मुलांसाठी दुसरं दार हवंच. मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात दीड हजारांहून जास्त मुलं बुद्ध्यांकावरून निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचा मोठा प्रकल्प सुरू केला. त्या चाचणीत कमी पडून वगळल्या गेलेल्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ होते. पुढे शॉकलींना १९५६ चं आणि अल्वारेझना १९६८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी नोबेल कुणालाच नाही. आणि मुळात १९०५ मध्ये फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमत्तेची पहिली चाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत पोचावी म्हणून. आकडा मदतीची सुरुवात असावा, ही त्यांची भूमिका मला आजही बरोबर वाटते. नोंद घ्यावी अशी चांगली बाब म्हणजे आमच्या इथे चाचणीनंतर तासभराचं गट-निरीक्षण होतं, मुलं एकत्र कोडी सोडवतात आणि शिक्षक बघत असतात. त्याला निवडीत जास्त वजन द्यावं.

प्रकल्पाचा तास सर्वांत देखणा आणि सर्वांत पोकळ. रंगीत संच येतात, त्यात यंत्रमानवाचे भाग असतात, सूचनापत्रक असतं. पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी पायरी, आणि शेवटी यंत्र चालतं. मुलं टाळ्या वाजवतात, फोटो निघतात, पालक खूश. पण यात अडायला जागा कुठे आहे? पत्रक नीट वाचलं की झालं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी समृद्ध शिक्षणाचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्यात मुलाला नवनव्या विषयांची ओळख करून द्यायची. दुसऱ्यात विचार करण्याची, माहिती गोळा करण्याची, मांडण्याची कौशल्यं शिकवायची. तिसऱ्यात मुलाने स्वतः निवडलेल्या खऱ्या प्रश्नावर खऱ्या संशोधकासारखं काम करायचं आणि ते खऱ्या श्रोत्यांसमोर न्यायचं. आमचा वर्ग वर्षभर पहिल्या प्रकारातच रेंगाळला. एका शनिवारी यंत्रमानव, एका शनिवारी ज्वालामुखी, एका शनिवारी पाहुण्यांचं भाषण. पुढचा शनिवार आला की मागचा विषय संपला.

महागडी साधनं नसली तरी खोल काम होतं. हॉलिंगवर्थबाईंनी १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पेयर शाळेत प्रज्ञावंत मुलांचे वर्ग सुरू केले, तिथे मुलं रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास अभ्यासत. अन्न, वस्त्र, निवारा, प्रवास, प्रकाश या गोष्टी माणसाने कशा घडवल्या ते मुलं स्वतः शोधायची. साधा दिवा घ्या. त्यात ज्वलन आलं, तेल आलं, व्यापार आला, रात्री काम करण्याची सुरुवात आली. आठ वर्षांचं चौकस मूल या एका विषयात दोन महिने सुखाने राहील. आमच्या नातीला मुंग्यांच्या रांगेबद्दल प्रश्न पडला होता: रांगेत मध्येच ओल्या फडक्याने पुसलं तर मुंग्या का गोंधळतात? तिने तो प्रकल्पाच्या तासाला विचारला. तिला सांगण्यात आलं की या सत्रात तो विषय नाही. हे वाक्य हुशार मुलांच्या वर्गात उच्चारलं जाऊ नये. मुंग्या वासाची वाट मागे ठेवत जातात, एवढी दिशा देऊन तिला महिनाभर निरीक्षण करायला सोडलं असतं, तर रेन्झुलींचा तिसरा प्रकार तिथेच उभा राहिला असता.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या तासात उभं कसं राहावं, हस्तांदोलन कसं करावं हे शिकवतात. आठ वर्षांच्या मुलांना त्याची गरज नाही. तो वेळ खेळायला द्या.

बिल्ल्यांबद्दल मला नीट बोलायचं आहे. मुलांना छातीवर लावायला ‘प्रज्ञावंत’ असं लिहिलेले बिल्ले देतात, सत्राच्या शेवटी त्याच शब्दाचं प्रमाणपत्र. चालकांचा हेतू कौतुकाचाच असणार. पण क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग प्रत्येक चालकाने वाचायला हवेत. काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं, काहींना ‘तू खूप मेहनत घेतलीस’ असं. हुशारीचं कौतुक झालेल्या मुलांनी पुढे आपली हुशारी सिद्ध होईल असं सोपं काम पसंत केलं, आणि मुद्दाम दिलेल्या अवघड कोड्यांनंतर त्यांची चिकाटी आणि आनंद दोन्ही कमी झालं. बिल्ला हे रोज छातीवर लटकणारं तेच वाक्य आहे. गणिताचे सर तासभर अडायला शिकवतात, आणि दारातला बिल्ला सांगतो की तुला अडायची परवानगी नाही.

उलट बाजूही असते. सत्राच्या मध्यावर नात एकदा घरी येऊन म्हणाली, ‘तिथे मी हुशार नाहीये.’ शाळेत पहिली असणारी मुलगी तिच्यासारख्याच तेरा जणांत बसली की असं वाटणारच. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ संशोधन केलं आहे: सरस मुलांच्या गटात गेल्यावर तितक्याच क्षमतेच्या मुलाचं स्वतःबद्दलचं मत खाली येतं. हे वाईटच असतं असं नाही. पण अशा वेळी मोठ्यांनी काय बोलायचं, हे पालकांना आधी सांगून ठेवायला हवं. आमच्या सरांनी ते फार छान हाताळलं. त्यांनी तिच्या वहीतला सत्राच्या सुरुवातीचा तक्ता आणि आताचा तक्ता शेजारी ठेवून दाखवला, इतर कुणाची वही काढली नाही. दाराबाहेर मात्र पालक एकमेकांना प्रवेशपरीक्षेचे आकडे विचारत असतात, मुलं शेजारीच उभी असतात. चालकांनी हे थांबवलं पाहिजे. पहिल्याच पालकसभेत स्पष्ट सांगितलं तर लोक ऐकतात.

आता शाळेशी संपर्क. शनिवारी आठ-नऊ वर्षांची मुलगी पिकच्या सिद्धान्ताशी झुंजते आणि सोमवारी तिला शाळेत चौरसाची परिमिती काढायची वीस उदाहरणं मिळतात. आठवड्यातला एक दिवस भरून निघाला, बाकीचे दिवस तसेच. वर्षभरात वर्गाकडून नातीच्या शाळेला एक ओळही गेली नाही. चाचणीचा अहवाल नाही, ती काय करू शकते याचा नमुना नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की शाळांशी बोलणं आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही. मला हे मान्य नाही. मुलाची क्षमता तुम्ही मोजली, ती कशाने फुलते हे तुम्ही पाहिलं, मग ते ज्याला रोज त्या मुलाला शिकवायचं आहे त्याच्यापर्यंत का पोचू नये?

शाळेत करण्याजोगं पुष्कळ असतं, आणि त्याला वेगळा वर्ग लागत नाही. धडा सुरू करण्याआधी त्याच धड्याची छोटी चाचणी घ्यायची. ज्या मुलाला तो आधीच येतो त्याला सराव माफ, आणि वाचलेल्या वेळात त्याच विषयातलं अवघड काम. अभ्यासक्रम आटोपशीर करण्याची ही पद्धत रेन्झुलींनीच रुजवली. चाळीस मुलांच्या वर्गातही ती जमते, फक्त शिक्षकाच्या हाताशी तयार प्रश्न हवेत. ते प्रश्न शनिवारच्या वर्गाकडे पडलेले आहेत. दुसरा मार्ग मुलाला अभ्यासक्रमात पुढे नेण्याचा. अनेकांना वाटतं, पुढे नेणं म्हणजे मुलाला एक इयत्ता उडी मारायला लावणं. आयोवा विद्यापीठातून २००४ मध्ये आलेल्या अहवालात अशा पुढे नेण्याचे १८ प्रकार दिले होते, इयत्ता गाळणं हा त्यातला एक. केवळ एका विषयापुरतं वरच्या वर्गात बसणं हाही एक. काळजीपूर्वक निर्णय घेतला तर मुलांचं अभ्यासात किंवा मैत्रीत सहसा नुकसान होत नाही, हा त्या अहवालाचा मुख्य मुद्दा होता.

म्हणून मीच नातीच्या दोन वह्या घेऊन तिच्या वर्गशिक्षिकेला भेटले. बाईंनी वह्या शांतपणे चाळल्या, ठिपक्यांच्या पानावर थांबल्या, आणि म्हणाल्या, ‘हे मला आधी कुणी दाखवलंच नाही.’ आता गणिताच्या तासाला नात वरच्या इयत्तेत जाऊन बसते. बाकीचा दिवस आपल्या मैत्रिणींबरोबर. तिथेही ती पहिली नाही, आणि त्याचं तिला काही वाटतही नाही. वर्गशिक्षिकेने ठिपक्यांचे कागद सगळ्याच मुलांना दिले, तेव्हा नेहमी मागे असणाऱ्या एका मुलाने तिरक्या आकारांचं क्षेत्रफळ भराभर काढून दाखवलं. लेखनात फार अडखळणारा मुलगा तो. अशी मुलं चाळण्यांतून हमखास निसटतात, कारण त्यांची अडचण त्यांच्या ताकदीला झाकून टाकते. त्याचं नाव शनिवारच्या वर्गाला सुचवा असं मी बाईंना सांगितलं आहे, आणि चालकांनाही कळवलं आहे.

तुम्ही असा एखादा वर्ग निवडत असाल, तर माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि एक तास मागे बसू द्याल का ते विचारा. बसल्यावर शिक्षक किती बोलतो यापेक्षा मुलं अडल्यावर तो काय करतो ते बघा. गेल्या वर्षीच्या मुलांच्या वह्या मागा. त्यांत खाडाखोड दिसली तर आनंदाने नाव घाला, सगळी पानं स्वच्छ असतील तर विचार करा. अहवाल शाळेला देणार का, मूल रेषेच्या जरा खाली राहिलं तर पुन्हा संधी आहे का, आणि मुलाने स्वतःचा प्रश्न आणला तर त्याला जागा आहे का, हे तिन्ही लेखी विचारून घ्या. ज्या मुलाला नुसतं आणखी मार्क हवे आहेत, किंवा ज्याच्या पालकांना ते हवे आहेत, त्याने इकडे येऊ नये. इथे परीक्षेची तयारी होत नाही, आणि ते बरंच आहे. शनिवारी मोकळं हुंदडण्याशिवाय ज्याला काही नको असतं, त्या मुलाला तर मुळीच ओढत आणू नका.

पुढच्या सत्रासाठी आम्ही गणित आणि भाषा हे दोनच तास ठेवले आहेत, चालकांनी तशी परवानगी दिली. त्यांना मी बिल्ल्यांबद्दल, शाळांना पाठवायच्या पत्राबद्दल आणि मुंग्यांबद्दल लेखी कळवलं आहे. पत्राचा मसुदा मीच करून दिला आहे, एका पानाचा, शिक्षकाला चहाच्या सुट्टीत वाचून होईल असा. तो त्यांनी वापरायला घेतला तर मी इथे येऊन अर्धा तारा वाढवेन.